समांतर द्वार आणि अल्पदाब सूक्ष्मनियंत्रक

संगणकाला बाहेरच्या जगाशी व्यवहार करावयाचा असेल, तर त्याला कोठेतरी दार असावे लागते. कळफलकाचे दार आत येण्यासाठी, पडद्याचे दार बाहेर जाण्यासाठी. परंतु प्रयोगशाळेतील एखादे उपकरण संगणकाला जोडावयाचे झाल्यास दोन्ही दिशांनी उघडणारे आणि वापरणाऱ्याला सहज हाताळता येईल असे दार हवे. सुमारे वीस वर्षे हे काम संगणकाच्या पाठीमागील पंचवीस छिद्रांच्या एका सॉकेटने केले. त्यालाच समांतर द्वार अथवा पॅरलल पोर्ट म्हणतात. ते मुळात निर्माण झाले ते छपाईयंत्रासाठी. पण विद्यार्थ्यांनी, हौशी कारागिरांनी आणि संशोधकांनी त्यातून मोटारी फिरविल्या, तापमान मोजले आणि लहान लहान संगणकांना, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रकांना, त्यांचे पहिले धडे दिले.

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर मावलेला संपूर्ण संगणक. गणन करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या तारांशी जोडलेल्या पिना हे सर्व त्यात एकत्र असते. कपडे धुण्याच्या यंत्रात, वीजमापकात आणि खेळण्यांतही तो असतो. त्याच्यात आज्ञावली भरावयाची तर मोठ्या संगणकाशी त्याची गाठ घालून द्यावी लागते. येथेच एक अडचण उभी राहते. समांतर द्वार ५ व्होल्टांच्या काळात जन्मले. पुढील काळातील सूक्ष्मनियंत्रक ३.३ व्होल्टांवर, काही तर १.८ व्होल्टांवर चालतात. या दोघांची सरळ तारेने गाठ घातली तर काय घडेल, आणि ती सुरक्षितपणे कशी घालावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

द्वाराची रचना

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स या कंपनीने आपल्या छपाईयंत्रासाठी ३६ पिनांची एक जोडणी योजिली. एका अक्षराचे आठही बिट आठ तारांवरून एकाच वेळी पाठवावयाचे, ही तिची मूळ कल्पना. बिट एकामागून एक न जाता खांद्याला खांदा लावून जातात, म्हणून ही पद्धत समांतर. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा संगणकाच्या बाजूस २५ पिनांचा सॉकेट ठेवण्यात आला आणि तोच पुढे रूढ झाला. १९९४ मध्ये आयईईई १२८४ या मानकाने या द्वाराच्या निरनिराळ्या कार्यपद्धतींना निश्चित स्वरूप दिले.

पंचवीस पिनांची वाटणी लक्षात ठेवण्यास सोपी आहे. २ ते ९ या आठ पिना माहिती बाहेर नेतात. १, १४, १६ व १७ या चार पिना नियंत्रणाच्या. त्याही मुख्यतः बाहेर जाणाऱ्या. १०, ११, १२, १३ व १५ या पाच पिना आत येणाऱ्या. कागद संपला, यंत्र व्यग्र आहे, अक्षर पोहोचले, अशा वार्ता छपाईयंत्र त्यांवरून कळवीत असे. उरलेल्या १८ ते २५ या आठ पिना भूरेषेच्या, म्हणजे शून्य व्होल्टाच्या. आठ, चार, पाच आणि आठ मिळून पंचवीस होतात.

संगणकाच्या दृष्टीने हे द्वार म्हणजे तीन क्रमांकांचे तीन कप्पे होत. बहुतेक जुन्या संगणकांत पहिल्या द्वाराचे क्रमांक ८८८, ८८९ व ८९० असे असतात. ८८८ मध्ये जी संख्या लिहावी ती माहितीच्या आठ पिनांवर उमटते; ८८९ वाचले की आत येणाऱ्या पाच पिनांची स्थिती कळते; ८९० नियंत्रणासाठी. उदाहरणार्थ, ८८८ मध्ये ३२ ही संख्या लिहिली, तर द्विमान पद्धतीत तिचा सहावा बिट तेवढा १ असल्यामुळे केवळ ७ क्रमांकाची पिन वर जाते, बाकीच्या सात खाली राहतात. एक सावधगिरी मात्र हवी. १, ११, १४ व १७ या चार पिनांचा अर्थ उलटा असतो. पिन वर असता कप्प्यात ० आणि खाली असता १ दिसतो. हे न जाणता प्रयोग करणाऱ्याचे कित्येक तास तारा तपासण्यात वाया जातात. तारा मात्र निर्दोष असतात.

शून्य आणि एक यांचे विद्युत रूप

तारेतून ० किंवा १ वाहत नाही. तेथे असतो तो विद्युतदाब. कोणता दाब ० मानावयाचा आणि कोणता १, हा कराराचा प्रश्न आहे. मूळ समांतर द्वार टीटीएल या जातीच्या मंडलांनी बनलेले होते. त्यांचा करार असा: घेणाऱ्याने ०.८ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबास ० समजावे आणि २ व्होल्ट किंवा अधिक दाबास १ समजावे. देणाऱ्याने मात्र ० साठी ०.४ व्होल्टांच्या वर जाऊ नये आणि १ साठी २.४ व्होल्टांच्या खाली येऊ नये. देणे आणि घेणे यांत दोन्ही बाजूंनी ०.४ व्होल्टांचे अंतर ठेवलेले आहे. तारेत शिरणारा गोंगाट या अंतरात सामावला जावा, हा त्यामागील हेतू.

सीमॉस जातीच्या मंडलांचा करार निराळा. त्यांत सीमा पुरवठ्याच्या दाबाच्या प्रमाणात ठरते. साधारणतः पुरवठ्याच्या सात-दशांशाहून अधिक दाब म्हणजे १, आणि तीन-दशांशाहून कमी म्हणजे ०. पुरवठा ५ व्होल्ट असेल तर १ साठी ३.५ व्होल्ट लागतात; पुरवठा ३.३ व्होल्ट असेल तर २.३१ व्होल्ट पुरतात.

आता प्रश्न असा की, ५ व्होल्टांची सुस्थापित पद्धत सोडून उत्पादक कमी दाबाकडे का वळले? याचे पहिले कारण ऊर्जा. सीमॉस मंडलात खर्च होणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५ ऐवजी ३.३ व्होल्ट वापरले, की तेवढ्याच वेगाने काम करणाऱ्या मंडलाचा हा खर्च सुमारे ४४ टक्क्यांवर येतो; १.८ व्होल्टांवर तो १३ टक्केच उरतो. दोन लहान बॅटरींवर अनेक महिने चालणारे उपकरण याच गणितामुळे शक्य झाले. दुसरे कारण आकारमानाचे. ट्रान्झिस्टर जसजसे लहान होत गेले, तसतसा त्यांच्यातील विरोधक ऑक्साइडचा थरही पातळ होत गेला, आणि पातळ थराला मोठा दाब सोसवत नाही. म्हणजे कमी दाब ही केवळ काटकसर नव्हे. तो लहान आकारासाठी द्यावयाचा मोबदला आहे.

सरळ जोडले तर

३.३ व्होल्टांच्या सूक्ष्मनियंत्रकाच्या पिनेवर ५ व्होल्ट आले, तर प्रत्येक वेळी तो जळतोच असे नाही, आणि यातच खरा धोका आहे. पहिल्या दिवशी सर्व काही सुरळीत चालते. म्हणून जोडणी बरोबर आहे असा समज होतो.

आत काय घडते ते पाहू. प्रत्येक पिनेपाशी उत्पादकाने दोन डायोड बसविलेले असतात. एक पुरवठ्याच्या रेषेकडे, दुसरा भूरेषेकडे. हाताच्या स्पर्शाने येणाऱ्या स्थिर विजेपासून रक्षण करणे हे त्यांचे काम. पिनेवरील दाब पुरवठ्याहून सुमारे अर्ध्या-पाऊण व्होल्टाने वाढला, की वरचा डायोड वाहू लागतो. स्थिर विजेचा झटका क्षणभराचा असतो. परंतु ५ व्होल्टांची तार तासन्‌तास जोडलेली राहते. क्षणासाठी बनविलेल्या त्या डायोडला अखंड प्रवाह वाहावा लागतो.

याचे तीन परिणाम संभवतात. पहिला, डायोड किंवा त्याला जोडणारा सूक्ष्म धातुपट्टा कालांतराने निकामी होतो. दुसरा परिणाम लॅच-अप या नावाने ओळखला जातो. सिलिकॉनच्या थरांत आपोआप तयार झालेली एक चौपदरी रचना अकस्मात वाहू लागते आणि पुरवठा व भूरेषा यांच्यामध्ये जवळजवळ थेट वाट निर्माण होते. पुरवठा तोडल्याशिवाय ती बंद होत नाही, आणि तोपर्यंत मंडल हाताला चटका बसेल इतके तापलेले असते.

तिसरा परिणाम सर्वांत फसवा. सूक्ष्मनियंत्रकाचा पुरवठा काढून घ्यावा, आणि तरीही तो काम करीतच राहावा! संगणकाच्या माहितीतारांवरील दाब त्याच वरच्या डायोडमधून पुरवठ्याच्या रेषेत शिरतो आणि मंडलाला मागच्या दाराने जिवंत ठेवतो. कित्येक सूक्ष्मनियंत्रक निद्रावस्थेत काही मायक्रोअँपिअरवरच जगतात. त्यांना एवढे अन्न पुष्कळ होते. अशा अर्धवट पुरवठ्यावर स्मृतीत लिहिलेली आज्ञावली चुकीची लिहिली जाऊ शकते. पुरवठा बंद करून पुन्हा सुरू केला तरी मंडल मूळ स्थितीस येत नसेल, तर प्रथम हीच शंका घ्यावी.

दाब उतरविण्याचे मार्ग

सर्वांत स्वस्त मार्ग दोन रोधकांचा. १.८ किलोओहमचा रोधक द्वाराकडे आणि ३.३ किलोओहमचा भूरेषेकडे ठेवून मधल्या सांध्यावरून सूक्ष्मनियंत्रकाकडे तार न्यावी. द्वाराने ५ व्होल्ट दिले तर सांध्यावर सुमारे ३.२ व्होल्ट मिळतात, आणि प्रवाह एका मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. रोधकांमुळे संदेश थोडा मंदावतो. परंतु जुन्या संगणकाला द्वारावर एक संख्या लिहिण्यास सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो, त्या मानाने हा विलंब नगण्य होय.

मात्र या गणितात एक गृहीत दडलेले आहे. द्वार खरोखरच ५ व्होल्ट देते काय? टीटीएल मंडलाचा वरचा दाब बहुधा ३.५ व्होल्टांच्या जवळपास असतो. त्याच रोधकांतून तो उतरविला तर सांध्यावर २.२६ व्होल्टच येतात, आणि आपल्या सूक्ष्मनियंत्रकाची सीमा २.३१ व्होल्टांची असू शकते. मंडल वाचले, पण निरोप पोहोचला नाही! उलटपक्षी, पुढील काळातील अनेक संगणकांची द्वारे जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट देतात, तर काही सुटसुटीत, हातातून नेण्याजोग्या संगणकांची द्वारे ३.३ व्होल्टच देतात. म्हणून रोधक निवडण्यापूर्वी द्वारावर १ लिहून मल्टिमीटरने दाब मोजावा. पुस्तकातील आकड्यापेक्षा समोरच्या सॉकेटावरील आकडा प्रमाण मानावा.

दुसरा मार्ग प्रत्येक तारेत एकच रोधक, समजा १ किलोओहमचा, मालिकेत घालण्याचा. ५ व्होल्ट आले तरी डायोडमधून जाणारा प्रवाह सुमारे १.१ मिलिअँपिअरपुरता मर्यादित होतो. तथापि हा मार्ग डायोडच्याच आधारावर उभा आहे. अशा चार तारा असल्या तर साडेचार मिलिअँपिअरच्या जवळपास प्रवाह पुरवठ्याच्या रेषेत ढकलला जातो. मंडल झोपलेले असल्यास तो खर्च करणारे कोणी नसते. नेहमीच्या दाबनियामकालाही तो परत घेता येत नाही. आणि रेषेचा दाब ३.३ व्होल्टांच्या वर चढतो. ज्यापासून वाचावयाचे तेच निराळ्या वाटेने येते.

तिसरा आणि भरवशाचा मार्ग बफर मंडलाचा. ७४ एलव्हीसी या मालिकेतील मंडले ३.३ व्होल्टांच्या पुरवठ्यावर चालतात, पण आपल्या प्रवेश-पिनांवर ५ व्होल्ट सहन करतात. त्यांच्यात पुरवठ्याकडे जाणारा तो डायोडच नसतो. त्यामुळे मागच्या दाराने शिरणारा प्रवाहही थांबतो. ७४ एचसी मालिकेतील सारख्याच क्रमांकाचे मंडल ३.३ व्होल्टांवर चालते खरे, पण त्यात तो डायोड असतो. नावातील दोन-तीन अक्षरांचा हा फरक विकत घेताना नीट पाहावा.

उलट दिशेची अडचण कमी आहे. सूक्ष्मनियंत्रकाचा ३.३ व्होल्टांच्या जवळचा १ हा टीटीएलच्या २ व्होल्टांच्या सीमेपेक्षा बराच वर असतो. म्हणून तो द्वाराला सरळ समजतो. परंतु द्वाराची आतील बाजू ५ व्होल्टांच्या शुद्ध सीमॉसची असेल, तर तिला ३.५ व्होल्ट हवेत, आणि मग निरोप कधी समजेल, कधी समजणार नाही. अशा वेळी ५ व्होल्टांवर चालणारे, पण टीटीएलच्या सीमा पाळणारे ७४ एचसीटी मालिकेतील बफर मध्ये घालावे.

जेथे एकाच तारेवरून दोन्ही दिशांनी संदेश जातो, तेथे एक मॉसफेट ट्रान्झिस्टर आणि दोन रोधक पुरतात. फिलिप्स कंपनीने १९९७ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली, आणि आजही लहान मंडलांत ती सर्रास आढळते.

एक उदाहरण

एटमेगा ८ हा सूक्ष्मनियंत्रक घेऊ. त्याची कमी दाबाची आवृत्ती २.७ ते ५.५ व्होल्टांवर चालते. मग त्याला ३.३ व्होल्टांवरच का ठेवावे, असे कोणी विचारील. समजा, त्याच पटलावर तापमानाच्या नोंदी साठविण्यासाठी एक एसडी स्मृतिपत्र बसविले आहे. ते ३.६ व्होल्टांपलीकडे सोसत नाही, आणि ज्या तारांनी आज्ञावली भरावयाची त्याच तारा स्मृतिपत्राकडेही जातात. द्वारातून आलेले ५ व्होल्ट सूक्ष्मनियंत्रकाने सोसले, तरी स्मृतिपत्र, आणि त्यातील नोंदी, गमवाव्या लागतील.

आज्ञावली भरण्यास चार तारा लागतात: ठोका देणारी, माहिती आत नेणारी, माहिती बाहेर आणणारी आणि मंडलास थोपवून धरणारी रीसेट तार. रूढ पद्धतीनुसार द्वाराची ६ क्रमांकाची पिन ठोक्यासाठी, ७ माहिती आत नेण्यासाठी, ९ रीसेटसाठी आणि १० परतीच्या माहितीसाठी योजितात. चारही तारा ७४ एलव्हीसी २४४ या बफरमधून न्याव्यात आणि त्याचा पुरवठा सूक्ष्मनियंत्रकाच्या ३.३ व्होल्टांवरूनच घ्यावा. ४ व ५ या पिनांनी बफर उघडता व मिटता येतो. संगणक सुरू होताना छपाईयंत्राचा शोध घेण्यासाठी द्वाराच्या तारा मनास येईल तशा हलवितो. त्या वेळी हा दरवाजा मिटलेला असणे इष्ट. बफरच्या ज्या प्रवेश-पिना वापरल्या नाहीत त्या अधांतरी न सोडता भूरेषेस जोडाव्यात, आणि रीसेट तार १० किलोओहमच्या रोधकाने ३.३ व्होल्टांकडे ओढून ठेवावी.

आता संवाद असा होतो. रीसेट आणि ठोका या दोन्ही तारा खाली ठेवून निदान २० मिलिसेकंद थांबावे. नंतर १७२, ८३, ०, ० हे चार बाइट एकेक बिट करून पाठवावेत. प्रत्येक बिटासाठी माहितीची तार योग्य स्थितीत आणावी, ठोका वर न्यावा, परतीची तार वाचावी आणि ठोका खाली आणावा. तिसरा बाइट जात असताना सूक्ष्मनियंत्रकाने ८३ हीच संख्या परत पाठविली, तर समजावे की ओळख पटली. यानंतर त्याची खूण विचारली असता ३०, १४७, ७ या तीन संख्या येतात. पहिली उत्पादकाची, पुढील दोन त्या विशिष्ट मंडलाची. ८३ ऐवजी ० किंवा २५५ आले, तर आज्ञावलीत दोष शोधण्याआधी तारा, पुरवठा आणि दाब तपासावेत.

ठोक्याची गतीही जपावी लागते. कारखान्यातून येताना हे मंडल दर सेकंदास दहा लाख स्पंदांच्या गतीवर ठेवलेले असते, आणि ठोक्याची वरची व खालची स्थिती प्रत्येकी दोन स्पंदांहून अधिक, म्हणजे दोन मायक्रोसेकंदांहून अधिक, टिकली पाहिजे. संगणक त्यापेक्षा जलद लिहू शकतो; म्हणून मुद्दाम सावकाश लिहावयाचे असते.

भूरेषेचा प्रश्न

दाबाचे सर्व आकडे भूरेषेपासून मोजले जातात. ती दोन्ही बाजूंस समान नसेल, तर ३.३ आणि ५ या चर्चेला अर्थच उरत नाही. आपल्याकडे हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. संगणकाच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान धारित्रे असतात. एक जिवंत तारेपासून आणि दुसरे उदासीन तारेपासून पेटीपर्यंत. तीन पिनांच्या सॉकेटाला अर्थिंगची तार खरोखर जोडलेली असेल तर त्यांतील क्षुल्लक प्रवाह जमिनीत जातो. ती नसेल तर पेटी २३० व्होल्टांच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांवर तरंगत राहते. पेटीला हात लावता मुंग्या येतात त्या यामुळेच. हा प्रवाह अत्यल्प असला तरी सूक्ष्मनियंत्रकाच्या पिनेला तो घातक ठरू शकतो, विशेषतः भूरेषेच्या आधी संदेशाची तार जोडली गेली तर.

यास्तव क्रम पाळावा. प्रथम अर्थिंग तपासावे. दोन्ही बाजूंचे पुरवठे बंद करावेत. भूरेषा आधी जोडावी, संदेशाच्या तारा नंतर. सोडविताना उलट क्रम. सूक्ष्मनियंत्रकासाठी वीज द्वाराच्या तारांतून घेऊ नये. त्या निरोपासाठी आहेत, पुरवठ्यासाठी नाहीत. उपकरण मोटारीशी किंवा घरगुती विजेशी जोडलेले असेल, तर निरोप प्रकाशाच्या साहाय्याने पलीकडे नेणारी प्रकाशयुग्मके वापरावीत. त्यांत दोन बाजूंचा विद्युत संबंधच उरत नाही.

द्वार मिटले, धडा उरला

१९९६ मध्ये यूएसबी मानक आले आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत समांतर द्वार नव्या संगणकांवरून जवळजवळ नाहीसे झाले. यूएसबीपासून छपाईयंत्राकडे जाणारी तार बाजारात मिळते. परंतु तिच्यात ८८८ क्रमांकाचा कप्पा नसतो, आणि म्हणून वर सांगितलेली कामे तिच्याने होत नाहीत. जुन्या संगणकांवर आणि स्वतंत्र कार्डांवर मात्र हे द्वार अजून आढळते, आणि धातुकामाची यंत्रे चालविण्यासाठी त्याचा उपयोग करणारे लोकही आहेत.

भारतातील एका उपक्रमात हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने २००४ मध्ये विद्यापीठांतील प्रयोगशाळा सुधारण्यासाठी फीनिक्स हा प्रकल्प आरंभिला. त्याचे प्रारंभीचे उपकरण समांतर द्वारालाच जोडले जात असे. पुढील उपकरणांत सूक्ष्मनियंत्रक आला आणि द्वाराची जागा अन्य जोडण्यांनी घेतली.

जोडणी बदलली, तरी दाबाचा प्रश्न तसाच आहे. आज ५ व्होल्टांच्या सूक्ष्मनियंत्रकाला ३.३ व्होल्टांचा संवेदक जोडणारा विद्यार्थी त्याच दोन रोधकांपाशी, त्याच डायोडपाशी आणि त्याच बफरपाशी येऊन पोहोचतो. दोन मंडले जोडण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: देणारा किती दाब देतो, घेणाऱ्याला किती लागतो, तो जास्तीत जास्त किती सोसतो, आणि दोघांची भूरेषा एकच आहे काय. या चारांची उत्तरे मोजून मिळाली, की मगच तार जोडावी.